गरिबांचं विंडोज

विनयपिटकात भिक्षापात्राबद्दल एक नियम आहे. पात्र चिरलं तर सांधायचं, पुन्हा चिरलं तर पुन्हा सांधायचं; पाच सांधे होण्याआधी भिक्खूने नवं पात्र मिळवायचं नाही. मिळवलंच, तर ते संघापुढे ठेवायचं. मग ज्येष्ठतेच्या क्रमाने एकेकाने हवं तर आपलं पात्र बदलून घ्यायचं आणि सगळ्यांची निवड झाल्यावर जे उरेल ते या हावऱ्याच्या हाती यायचं. नाशिकरोडला बिटको चौकापासून थोडं आत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या धंद्याला इतका सरळ आधार दुसऱ्या कुठल्या धर्मग्रंथात मला सापडलेला नाही.

अर्थात माझी गिऱ्हाइकं भिक्खू नाहीत. पहिल्याच सांध्याला त्यांचा धीर सुटतो. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली. अकराव्या आवृत्तीला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. लोक चालते लॅपटॉप, डेस्कटॉप दुकानात आणून ठेवतात आणि 'राहू द्या तुमच्याकडे, सुट्या भागांना होतील' म्हणून निघून जातात. मशीन ठणठणीत असतं, फक्त यादीत बसत नसतं.

अशातली काही मशीन्स मी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत नेऊन बसवली. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी आणि मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करणारी मुलं-मुली तिथे रात्री उशिरापर्यंत असतात. मशीन्स जुनी, कोअर टू ड्युओच्या काळातली, दोन जीबी रॅमची. त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि वर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने मेनू उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला आणि विचारलं, "काका, हे गरिबांचं विंडोज आहे का?"

उत्तर मी देण्याआधीच आमच्या गुरुजींनी दिलं. गुरुजी म्हणजे विहाराचं काम पाहणारे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "बाळा, अल्पेच्छता हा तथागतांनी सांगितलेला गुण आहे. कमीत भागतंय, मग जास्त कशाला?" मुलगी गप्प बसली. मला ते उत्तर घशाखाली उतरलं नाही. गुरुजींचा मुलगा हिंजवडीला आहे आणि त्याच्या लॅपटॉपला बत्तीस जीबी रॅम आहे, म्हणून नव्हे. बरं, थोडं त्यामुळेही.

कमीत भागवणं हा गुण केव्हा असतो आणि ती नुसती कमतरता केव्हा असते? पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. करडं पॅनेल, साधा मेनू, खिडक्यांना सावली नाही, उघडताना-मिटताना कसली नक्षी नाही.

हे हलकेपण येतं कुठून ते आधी सांगतो. लिनक्सवर पडद्याचं काम बरीच वर्षं 'एक्स' नावाची व्यवस्था करत आली. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत ती सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी एक संयम पाळला होता: साधन द्यायचं, धोरण ठरवायचं नाही. चौकोन कसा काढायचा, माऊस कुठे आहे, कुठली कळ दाबली, एवढं एक्स बघतं. खिडकीला वर पट्टी असावी का, फुली डावीकडे की उजवीकडे, खिडक्या एकमेकींवर चढू द्यायच्या की फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसवायच्या, यावर ते काही बोलत नाही. नुसतं एक्स चालू करून एखादा प्रोग्राम उघडला तर खिडकी कोपऱ्यात उघडीबोडकी येऊन पडते. ती धरून हलवायलाही जागा नसते. या सगळ्यावर मत देणारा वेगळा प्रोग्राम म्हणजे विंडो मॅनेजर. त्याच्या जोडीला पॅनेल, मेनू, फाइली दाखवणारा प्रोग्राम, सेटिंगची पानं असा सगळा संच दिला की डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट झालं.

कर्त्यांनी मत दिलं नाही म्हणून मतांचा पूर आला. फ्रान्सच्या ऑलिव्हिए फुर्दाँने १९९६ ला एक्सएफसीई काढलं, ते अजून चालू आहे. आमच्या अभ्यासिकेतल्या पडद्याचं मूळ होंग जेन यी या तैवानी माणसाने २००६ मध्ये सुरू केलेल्या एलएक्सडीईत आहे. गृहस्थ पेशाने डॉक्टर. पुढे त्याचीच एक शाखा आणि रेझर-क्यूटी हा दुसरा प्रकल्प एकत्र येऊन एलएक्सक्यूटी झालं. खिडक्या सांभाळायला आम्ही त्यात ओपनबॉक्स ठेवलाय. डेना जॅन्सेन्सने सुरू केलेल्या या ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे. तेव्हापासून नवीन काही निघालेलं नाही आणि आमच्या मुलांचं काही अडलेलं नाही. सॉफ्टवेअर एकदाचं पुरं झालं, असं म्हणायची आमच्या धंद्यात सोय नसते. म्हणून मला ओपनबॉक्सचं फार अप्रूप आहे.

मशीन चालू होऊन स्वस्थ बसलं की चार-पाचशे एमबीच्या आसपास मेमरी खातं. मग मुलं ब्राउझर उघडतात, त्यात भरतीचा फॉर्म, एक व्हिडिओ, दोन पीडीएफ. आणि उरलेली मेमरी तिथेच संपते. पडदा कितीही सडसडीत ठेवा, आत येणारा पाहुणा लठ्ठ असतो.

गुरुजींच्या उत्तरात कुठे अडतं, ते मला त्रिरश्मीवर दिसलं. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्या डोंगराला सगळं नाशिक पांडवलेणी म्हणतं. पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आम्ही त्रिरश्मी म्हणतो, शिलालेखातही डोंगराचं नाव तेच आहे. चोवीस लेणी आहेत. लोक पायऱ्या चढून येतात, तिसऱ्या लेण्याच्या दारावरचं कोरीवकाम बघतात, फोटो काढतात, उतरतात. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरून घेतलेला मजकूर आहे, तिथे फार कुणी थांबत नाही. मी थांबतो, कारण तो हिशेब आहे आणि हिशेब मला कळतो.

वर्ष ४२, महिना वैशाख. उषवदाताने लेणं संघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव दिली. पैकी २००० गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. ही रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. उरलेल्या हजाराचं व्याज वरखर्चाला. आता आकडेमोड करून बघा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. एक पैसा इकडे नाही, एक पैसा तिकडे नाही. अठराशे वर्षांहून जुना ताळेबंद, आणि तो अजून जमतो. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन. त्याच्याजवळच आज मुक्त विद्यापीठ आहे.

त्या वीस जणांकडे स्वतःचं काय होतं? परंपरेने भिक्खूला आठ वस्तू: तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं साधन. याहून हलका संसार कुठला? पण ते हलके राहिले, कारण गोवर्धनातले विणकर दरमहा व्याज मोजत होते. त्यांनी ठेवीवर माग चालवला असेल, सूत घेतलं असेल, नफ्यातोट्याची चिंता केली असेल. चीवराचं वजन भिक्खूच्या खांद्यावर जाणवत नव्हतं, तेव्हा ते मागावर जाणवत होतं. गुरुजींना मी हेच म्हणालो. कमीत भागतंय म्हणताना, बाकीचं कुणाकडे गेलं हे विचारायचं की नाही?

आमच्या हलक्या पडद्यालाही हेच लागू आहे. मशीनला भार होत नाही, कारण तो तैवानच्या डॉक्टरने, ओपनबॉक्सच्या जॅन्सेन्सने आणि नावं माहीत नसलेल्या शेकडो लोकांनी आपापल्या रात्री खर्चून उचललाय. त्यांनी हात काढला की लगेच कळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, त्यात ३२-बिट प्रोसेसरच्या मशीनसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. कुणी रागावून काढलं नाही. इतक्या जुन्या जातीच्या मशीनसाठी प्रत्येक पॅकेज बांधत, तपासत बसायला माणसं उरली नाहीत, एवढंच. माझ्या दुकानात अशी दोन मशीन्स मागे पडून आहेत. पाच सांधे होऊन गेलेली.

उषवदाताच्या लेखातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो दानाचा मजकूर नुसता कोरून थांबला नाही. निगमसभेत ते जाहीर केलं, रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असंही लिहून ठेवलं. विणकर उद्या म्हणाले की आम्हाला आठवत नाही, तर भिंत आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना याच जातीचा कागद आहे. रिचर्ड स्टॉलमनने १९८९ मध्ये जीपीएल लिहिला, त्याचा गाभा असा: वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, पण देताना सोर्स कोडही द्या आणि घेणाऱ्याला हेच हक्क द्या. व्याज खा, मुद्दल गिळू नका. एलएक्सक्यूटीला हात लावायला तैवानच्या डॉक्टरला विचारावं लागत नाही, तो नाही म्हणूही शकत नाही. दान देऊन झालंय आणि ते चारी दिशांच्या संघाला दिलंय.

म्हणून मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे होतं: हे उरलंसुरलं नाही, ही ठेव आहे, तिचा हिशेब उघडा आहे. उरलेलं अर्धं उत्तर जास्त अवघड होतं.

विनयपिटकाच्याच चुल्लवग्गात देवदत्त या भिक्खूची गोष्ट येते. त्याने बुद्धापुढे पाच मागण्या ठेवल्या: भिक्खूंनी आयुष्यभर अरण्यातच राहावं, भिक्षेवरच जगावं, टाकलेल्या चिंध्यांचीच चीवरं नेसावीत, झाडाखालीच राहावं, मासे-मांस खाऊ नये. सगळ्यांवर बंधनकारक करा, म्हणाला. बुद्धाने नकार दिला. ज्याला असं राहायचं त्याने राहावं, ज्याला गावात राहायचं त्याने गावात राहावं. गृहस्थाने दिलेलं चीवर घ्यायचं तर घ्यावं. देवदत्ताच्या मागण्यांमधली एकही गोष्ट वाईट नव्हती. वाईट होतं ते सक्तीचं केलं जाणं, आणि त्यातून 'आम्ही जास्त शुद्ध' म्हणायची जी सोय होते, ती.

देवदत्त आमच्या क्षेत्रातही आहेत. डीडब्ल्यूएम नावाचा २००६ चा एक विंडो मॅनेजर आहे. त्याच्या कर्त्यांनी स्वतःवर बंधन घालून घेतलं की कोड २००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सेटिंगचं पान नाही. रंग बदलायचा असेल तर सी भाषेतली फाइल उघडा, आकडा बदला, प्रोग्राम नव्याने कंपाइल करा. कारागिरी म्हणून मी त्याच्यापुढे हात जोडतो. वाचून संपवता येईल एवढा तो आहे आणि असं आज कशाबद्दल म्हणता येतं? पण तो बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की या रचनेमुळे वापरणारे थोडे आणि निवडक राहतात, नवशिके मूर्ख प्रश्न विचारायला येत नाहीत. थोडं विनोदाने म्हटलं असेल. पण मी ज्या जिल्ह्यात राहतो तिथे २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात प्रवेश मागत लोक उभे राहिले होते, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. 'नको त्यांनी येऊ नये म्हणून दार असं ठेवलंय' या वाक्याला आमच्याकडे हसू येत नाही. हलकेपणाचंही सोवळं होतं.

अभ्यासिकेत एक मुलगा आहे, त्याला या गोष्टींचं वेड लागलं. आयथ्री हा विंडो मॅनेजर त्याने स्वतः टाकला. माऊसला हात नाही, सगळं कळांवर. मग रंग, मग फॉन्ट, मग वरच्या पट्टीत नाशिकचं तापमान. परीक्षा तोंडावर आणि हा खिडक्यांमधलं अंतर चार पिक्सेल ठेवावं की सहा, यात गढलेला. जैन परंपरेत परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून करत नाहीत, मनाच्या गुंतण्यावरून करतात. मूर्च्छा म्हणतात त्याला. आमच्याकडे विनयात याच्यावर मजेदार उतारा आहे. नवं चीवर मिळालं की वापरण्याआधी भिक्खूने त्यावर निळ्या, मातकट किंवा काळपट रंगाचा एक डाग पाडायचा. मुद्दाम, रूप बिघडेल असा. मी मुलाला हे सांगितलं. त्याने तापमान काढून टाकलं, अंतर सहा पिक्सेलच ठेवलं. तो मशीनमध्ये आतवर शिरलाय, हे मात्र मी गुरुजींपुढे कौतुकाने बोलतो. हा पडदा कुणीतरी बसवून दिलेला नाही, आपण उघडून बदलू शकतो, हे कळलेला आमच्या वस्तीतला तो पहिला मुलगा असेल.

आता बाबासाहेब. गुरुजींशी वाद घालताना ते येणारच. गांधीवादावर १९४५ च्या पुस्तकात लिहिताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्रामुळे जे वाईट होतं त्याचं कारण यंत्र नाही, मालकी आणि समाजरचना आहे. आणि सामान्य माणसाला विचार करायला, शिकायला फुरसत मिळायची तर यंत्र लागणारच, असं त्यांचं म्हणणं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही त्यांनी बजावलंय की बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटलेलं नाही. स्वतः त्यांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. चिंध्या नेसून ते गोलमेज परिषदेला गेले नाहीत, सूट घालून गेले. ज्यांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या चिंध्याच होत्या, त्यांना चिंध्यांचं व्रत शिकवायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे सगळं मी एका रविवारी वंदना झाल्यावर गुरुजींना ऐकवलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी देवदत्त?"

"नाही गुरुजी. तुमच्याकडे अजून चार मागण्या कमी आहेत."

हसले, पण दुसऱ्या आठवड्यात विहाराच्या निधीतून पैसे काढून दिले. जुन्या बाजारातून रॅमच्या पट्ट्या आणल्या, दोनची मशीन्स चार जीबीवर गेली. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्या. जुन्या मशीनला याहून मोठा गुण दुसऱ्या कशाने येत नाही, हे व्यवसायाच्या शपथेवर सांगतो. आणि एलएक्सक्यूटीच्या शेजारी केडीई प्लाझ्माही टाकलं; हा नक्षीदार पण जड डेस्कटॉप. लिनक्समध्ये लॉगिनच्या पानावर एक बारीक मेनू असतो. तिथे कुठला डेस्कटॉप हवा ते प्रत्येक वेळी निवडता येतं. फाइली त्याच राहतात, पासवर्ड तोच राहतो. बुद्धाने देवदत्ताला दिलेलं उत्तर कुणीतरी मेनूत बसवून ठेवावं तसं ते आहे, फक्त इतक्या बारीक अक्षरात की कुणाला दिसत नाही. मी मोठ्या अक्षरात पाटी लावली.

पोलीस भरतीवाल्या मुलीने प्लाझ्मा निवडलं. चार जीबीवर ते थोडं रेंगाळतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाली, "चालेल काका, मला हेच आवडतं." खिडकी मिटताना ती हळूच विरघळते, ते तिला बघायचं असतं. बहुतेक मुलं एलएक्सक्यूटीवर परत आली, कारण फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक सेकंद मोलाचा असतो. ती नाही आली.

एसएसडीचे पैसे मात्र निधीत पुरले नव्हते. चार एका इच्छुक उमेदवाराने दिल्या. त्यांची अट एकच: प्रत्येक मशीनवर त्यांच्या फोटोचा वॉलपेपर, खाली नाव आणि प्रभाग. गुरुजी संतापले. मी त्यांना म्हटलं, उषवदाताने कुठे संकोच केला? तीन लाख गाई दिल्या, दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, हे त्याने त्याच डोंगरात बौद्ध लेण्याच्या भिंतीवर कोरून घेतलंय. दात्याला आपलं नाव बघायची हौस असते, ती भागवू द्या. वीस भिक्खूंना चीवर मिळालं ना?

फोटो लावला. आठ-दहा दिवसांनी उमेदवार कार्यकर्त्यांना घेऊन आले. एका पडद्यावर बाबासाहेब, दुसऱ्यावर स्मृती मानधना, तिसरा आयथ्रीवाल्याचा, नुसता काळा. चौथ्यावर त्यांचा फोटो होता, पण त्याच्यावर कुणाचातरी अंकगणिताचा पीडीएफ उघडा होता.

"हे कुणी बदललं?" त्यांनी मला विचारलं.

"कुणालाही बदलता येतं, साहेब. तुम्हालाही," मी म्हणालो आणि खुर्ची पुढे सरकवली. ते बसले, माऊस हातात घेतला आणि बराच वेळ मेनू शोधत राहिले.